अर्धशिशीवाल्या बायांनी छातीची तपासणी कधी आणि कशी करायची

मी केज तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. अर्धशिशी असली की स्तनाचा कॅन्सर कमी होतो, अशी एक बातमी मोबाईलवर फिरते आणि बाया निर्धास्त होतात. बातमी अगदीच खोटी नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांना पाळी गेलेल्या बायांमध्ये हा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला होता. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन उतरलं की डोकं उठतं, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवरच पोसतात, असा त्यांचा कयास. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच लाखाहून जास्त नर्सबायांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास आला, त्यात असा संबंध सापडला नाही. तेव्हा त्या बातमीवर विसंबू नका.

डोक्याचा हिशोब कॅलेंडरवर मांडा, दुधाचा मांडता तसा. पाळीच्या तारखेला ‘पा’, डोकं दुखलं तिथं ‘डो’, गोळी घेतली की टिंब. दोन-तीन महिन्यांत कळतं. ‘डो’ पाळीच्या आसपासच पडत असतील तर हार्मोनचं कारण. उपवासाच्या दिवशी पडत असतील तर रिकाम्या पोटाचं. टिंबं महिन्यात दहाच्या पुढं गेली तर डॉक्टरांना दाखवा, कारण दुखण्याच्या गोळ्या फार झाल्या की त्यांनीच डोकं दुखतं. दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी उजेड चमकत असेल तर माला-एन या पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू करण्याआधी आशाताईंना सांगा. अशा बाईला त्या गोळ्यांनी मेंदूचा झटका येण्याचा धोका वाढतो, तिला दुसरं साधन द्यावं लागतं.

आणि डोकं थांबेल म्हणून गर्भाची पिशवी काढू नका, माय. आपल्या बीड जिल्ह्यात पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. पिशवीसोबत अंडाशयंही गेली की इस्ट्रोजेन एकदम कोसळतं, अर्धशिशी उलट भडकू शकते.

छातीची तपासणी मात्र डोकं दुखो न दुखो, करायचीच. तिशी ओलांडली की उपकेंद्रावर या, हातानं तपासायला पैसे लागत नाहीत. नुसत्या हातानं काय कळणार, असं विचारणाऱ्यांना मी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचं सांगते. दीड लाख बायांचा वीस वर्षं अभ्यास झाला. हातानं तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी निघाले.

पाळी संपल्यावर आठवडाभरात या, तेव्हा छाती हुळहुळत नाही. ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघण्याआधी या. फडावर गेलं की कोण बघतंय? दुखत नाही म्हणून बाया गाठ अंगावर काढतात, आणि नेमकी न दुखणारीच दाखवायची असते. बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गाठ लागली, तर पाळीची वाट बघू नका. आमची चिठ्ठी घेऊन पुढं जा. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे.

डोकं आणि छाती जोडून बघायची वेळ एकच. जिचा स्तनाचा कॅन्सर आधी झालाय, तिचं डोकं नव्यानं किंवा वेगळ्याच तऱ्हेनं दुखू लागलं, तर ‘जुनीच अर्धशिशी’ म्हणून झोपून राहायचं नाही. त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. सोबत उलट्या, अंधारी किंवा हातापायातलं बळ गेलं असेल तर त्याच दिवशी.