सर्व्हिस करताना मनगट झटकू नका : या चुका टाळा

गोव्यातल्या टेनिस कोर्टांवर नवशिक्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सर्व्हिस मारताना मनगट झटका’. माझ्या मते बहुतेक दोषांचे मूळ याच सल्ल्यात आहे. फटका झाल्यावर रॅकेट खाली झुकलेली दिसते, म्हणून वेग मनगटाने दिला असे वाटते. प्रत्यक्षात चेंडू तारांवर जेमतेम ५ मिलिसेकंद टिकतो आणि त्या क्षणी मनगट जवळजवळ सरळ असते. वेगाचा मोठा वाटा खांद्यापाशी दंड आत फिरण्यातून येतो, त्याला कोपराखालच्या हाताच्या फिरण्याची, म्हणजे प्रोनेशनची, जोड मिळते, आणि मनगट हा त्या साखळीचा शेवटचा सैल दुवा असतो. तेही वेगात भर घालते, पण ती सैल राहिल्यामुळे, मुद्दाम वाकवल्यामुळे नव्हे.

सर्वांत महागात पडणारी चूक ग्रिपची आहे. फोरहँडच्या, म्हणजे तळवा पुढे ठेवून मारायच्या फटक्याच्या, ग्रिपने रॅकेट धरली की तारांची बाजू आधीच आकाशाकडे वळते, हात फिरायला जागा उरत नाही आणि खेळाडू ती उणीव मनगट दुमडून भरून काढतो. हातोडी धरावी तशी, म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रिप घ्यावी. त्यामुळे रॅकेट कडेने वर जाते आणि अगदी शेवटी, उजव्या हाताने स्क्रू सैल करताना हात जसा फिरतो तसा फिरून, तारा चेंडूसमोर येतात. सुरुवातीला उजव्या हाताच्या खेळाडूचे चेंडू डावीकडे जातील. हात पुरेसा फिरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. घाबरून जुन्या ग्रिपकडे परतणे ही त्याहून मोठी चूक.

चेंडू वारंवार जाळीत जात असेल, तर मनगट लवकर दुमडत आहे किंवा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, फार पुढे पडत आहे, हे आधी तपासावे.

आपल्याकडच्या दमट हवेत मूठ घामाने निसटते, म्हणून खेळाडू ती आवळतो आणि कोपराखालचा सगळा हात ताठ होतो; अशा वेळी ओव्हरग्रिप, म्हणजे रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेली पट्टी, बदलणे हाच खरा उपाय. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागल्यास सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सरावासाठी जाळीपासून ६.४० मीटरवरच्या सर्व्हिस लाइनवर उभे राहून, मूठ सैल ठेवून, निम्म्या जोराने मारावे. उंच फांदीवरच्या कैरीला दगड भिरकावल्यावर तळवा आपोआप बाहेर वळतो (हे कोणी शिकवलेले नसते). फटक्यानंतरही तो तसाच वळलेला दिसला, तरच बेसलाइनकडे, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेकडे, सरकावे.