टीम लीड झालात? आधी वाईट बातमी ऐकायला शिका

मुंबईतल्या ऑफिसांत टीम लीड होण्याची रीत ठरलेली आहे. सगळ्यांत जास्त फाइली उरकणारा माणूस अप्रेझलच्या पत्रात नवं पद घेऊन बाहेर येतो. काल ज्यांच्यासोबत कँटीनमध्ये बसून मॅनेजरला नावं ठेवली, तेच आज रजेचा अर्ज घेऊन समोर उभे राहतात. ज्या गुणावर बढती मिळाली तो गुण आता फारसा कामाचा नसतो, हे कुणी सांगत नाही. मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, आरोग्यविम्याच्या क्लेम विभागात टीम सांभाळते. त्याआधी त्याच मजल्यावर क्लेम तपासायचे. यंदा जे नव्याने टीएल, म्हणजे टीम लीड, होणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमचं क्षेत्र दुसरं असलं तरी बरंचसं लागू पडेल.

टीम चांगली की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: वाईट बातमी लीडपर्यंत किती लवकर पोचते.

आमच्या कामात याचा हिशेब मिनिटांत होतो. 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने घालून दिलेल्या नियमांनुसार कॅशलेसच्या (म्हणजे बिल विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याच्या) विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. समजा, बिलातली आणि डिस्चार्ज समरीतली तारीख जुळत नाही हे एखाद्या नव्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं, पण ‘विचारलं तर मॅडम काय म्हणतील’ म्हणून तो तासभर गप्प बसला. तिकडे पेशंटचे नातेवाईक बिलिंग काउंटरवर ताटकळत राहतात. मुलाला काम येत नव्हतं असं नाही. त्याला तोंड उघडणं महाग वाटत होतं, आणि ते महाग करून ठेवणारा माणूस बहुतेकदा लीडच असतो.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी 1990च्या दशकात हॉस्पिटलांतल्या टीम पाहिल्या. चांगल्या टीममध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथली माणसं चुका उघडपणे बोलत होती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. ज्या लीडच्या रिपोर्टात ‘इश्यूज: निल’ असं महिनोन्‌महिने येतं, त्याच्याकडे मी हे वाचल्यापासून जरा संशयानेच बघते.

मग रोज करायचं काय? कुणी घोळ घेऊन आलं की पहिलं वाक्य सांभाळा. ‘हे कुणी केलं?’ असं विचारलंत की पुढच्या वेळी बातमी तुमच्याकडे येणार नाही. ती थेट क्लायंटच्या मेलमधून कळेल. ‘फाइल आत्ता कुठे आहे? आपल्या हातात किती वेळ आहे?’ इथून सुरुवात करा. कुणी केलं, का झालं हे नंतर, निस्तरून झाल्यावर, बंद केबिनमध्ये. चारचौघांत फक्त कौतुक. चेहराही आवरा. लोक तुमचे शब्द विसरतात, पण तुम्ही कपाळाला हात लावलात ते पंधरा जणांनी पाहिलेलं असतं.

सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, ‘ऑल ओके?’ हा प्रश्न फुकट जातो. सगळे माना हलवतात. ‘आज कुठली फाइल अडकेल असं वाटतंय?’ असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, आणि अडचण सांगणं हा कामाचाच भाग ठरतो.

भाषेचंही बघा. आमच्या टीममध्ये निम्मे मराठी, बाकीचे उत्तर प्रदेश, केरळ, गुजरात, कुठकुठले. दोन मराठी माणसं भेटली की आपण मराठीत सुरू होतो, आणि व्हावंच. पण कामाचा निर्णय त्या गप्पांतच होऊन गेला, तर उरलेल्यांना तो दुसऱ्या दिवशी कळतो. मग ‘वो लोग का ग्रुप है’ सुरू होतं. चहा मराठीत प्या, निर्णय सगळ्यांना कळेल अशा भाषेत आणि ग्रुपवर लिहून टाका.

आता रोस्टर, म्हणजे कोणाची कुठली शिफ्ट याचा तक्ता. नेतृत्वावरच्या भाषणांत याला एक ओळही मिळत नाही, आणि मुंबईत टीम तुटते ती इथेच. रोस्टर बनवण्याआधी कोण कुठून येतं ते मांडून बघा. बदलापूरहून येणारी मुलगी आधी लोकलने घाटकोपर गाठते, मग मेट्रो पकडते. चकाल्यात राहणारा रिक्षाने येतो. दोघांना सकाळी सातची शिफ्ट सारखीच वाटून दिली, तर कागदावर न्याय झाला, प्रत्यक्षात नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा मध्य रेल्वेवरच्यांना सरसकट रविवार लावू नका. पण त्यांची सोय बघताना जवळ राहणाऱ्याच्या गळ्यात प्रत्येक वेळी ओझं पडलं तर तो वर्षभरात राजीनामा देतो. म्हणून नियम सगळ्यांसमोर ठरवायचा, भिंतीवर लावायचा, आणि पहिली गैरसोयीची शिफ्ट स्वतःच्या नावावर लिहायची.

रजेत खरी परीक्षा गणपतीची. अर्धं ऑफिस कोकणातलं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे रजेचा निर्णय त्याच्याही आधी व्हायला हवा. ‘बघू, ऑगस्टमध्ये सांगते’ म्हणणाऱ्या लीडच्या टीममध्ये गणपतीत तापाची साथ येते. यंदा गणपतीला कोण, दिवाळीला कोण, ईद, छठ आणि नाताळला कोण, हे एकदम बसून ठरवलं की लोक आपापसांत अदलाबदल करून घेतात. तुम्ही मध्ये पडायची गरजही उरत नाही.

उशिराच्या शिफ्टसाठी एक नियम पाठ असू द्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घरी सोडण्याची व्यवस्था कंपनीने करायची. ‘अगं, आज जरा ॲडजस्ट कर’ ही संमती नव्हे.

जुन्या मित्रांचा आणि वयाने मोठ्यांचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मित्रांशी जेवण चालू ठेवा, फक्त इतरांबद्दलचं गॉसिप बंद करा. मोठ्यांना ‘काका’ म्हणत असाल तर म्हणत राहा. काम मात्र स्पष्ट सांगा: ‘काका, हे गुरुवारी चारपर्यंत हवंय, अडलं तर बुधवारीच सांगा.’ आदर राखण्यासाठी तारीख पुसट करायची गरज नसते. नव्या लीडला गोड बोलून विषय टाळायची सवय लागते, आणि तिचा त्रास पुढे त्या काकांनाच होतो, अप्रेझलच्या वेळी.

लोअर परळच्या चकचकीत ऑफिसांच्या जागी एकेकाळी गिरण्या होत्या, आणि गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, असायचा. भरती त्याच्या हातात, रजा त्याच्या मर्जीवर, बदली कामगाराला (गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतलेल्याला) आज खाडा की काम हेही तोच ठरवायचा. 1935 मध्ये बदली कामगारांसाठी वेगळी योजना आणावी लागली, ती याच मनमानीला वेसण घालण्यासाठी. आजचे काही टीएल बघते तेव्हा वाटतं, जॉबर गेला, पण खुर्ची तशीच आहे. रजा हा उपकार आणि चांगली फाइल हे बक्षीस, असं ज्याच्या हाताखाली चालतं, त्याला खरं कोण सांगेल?

काम वाटताना आधी निर्णयाची हद्द सांगा. कुठल्या रकमेपर्यंत तू परस्पर ठरव, कुठे ठरवून मला कळव, आणि कुठे आधी विचार. हे स्पष्ट नसलं की हुशार माणसं प्रत्येक फाइल तुमच्याकडे ढकलतात आणि तुम्ही रात्री दहापर्यंत बसून स्वतःला मेहनती समजता.

एक जागा मात्र अशी आहे जिथे लीडने शहाणपण दाखवायचं नसतं. टीममधल्या बाईने लैंगिक छळाची गोष्ट सांगितली, तर ऐकून घ्या, पण स्वतः चौकशी करू नका, दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवू’ नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. समितीत कोण आहे ते पद मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

आणि वरच्यांशी बोलणं. खालून आलेली वाईट बातमी तुमच्या टेबलावर अडली तर इतकी खटपट वाया. वाढीव काम येतं तेव्हा ‘नाही जमणार’ म्हणू नका, आकडे मांडा: ‘आज इतक्या फाइली, इतकी माणसं हजर, दोघं रजेवर. हे घेतलं तर अमुक काम उद्यावर जाईल. कुठलं मागे ठेवू?’ निर्णय त्यांना घेऊ द्या, मग संध्याकाळी एका ओळीचा मेल टाका: ‘ठरल्याप्रमाणे हे पुढे, ते उद्या.’