आईवडील आणि भावंडांना अमेरिकेला नेताना होणाऱ्या चुका टाळा

फाइल अडकली की लोक म्हणतात, अमेरिकेचे नियम कडक झाले. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक फाइलींचं दुखणं मात्र आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगल्याच्या दप्तरात असतं. मी वकील नाही. जुने कागद शोधून देणं, मोडीतली नोंद जाणकाराकडून वाचून घेणं, इंग्रजी भाषांतर करून फाइल लावून देणं, हे माझं काम. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून आता राहवत नाही, म्हणून लिहितो.

आधी पटकन सांगण्यासारखं. पोराच्या हातात ग्रीन कार्ड असेल तर तो आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही, भावाबहिणीसाठीही नाही. त्यासाठी तो अमेरिकन नागरिक हवा आणि वय 21 पूर्ण हवं. आई आणि वडील यांचे आय-130 अर्ज, म्हणजे नातेवाइकाला नेण्यासाठी करायचे पहिले अर्ज, वेगवेगळे, फी दोनदा. एप्रिल 2024 पासून ती ऑनलाइन 625 आणि कागदावर 675 डॉलर आहे. आणि आईवडिलांच्या अर्जात धाकटी बहीण ‘सोबत’ येत नाही, ती अठराची असली तरी. तिकिटांचा हिशेब तिघांचा मांडून लोक येतात आणि इथे कळतं की व्हिसा दोघांनाच मिळणार.

नाव जुळत नाही, म्हणून नवा दाखला काढला

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

आपल्याकडची रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. नातवाची नोंद आजोबा ग्रामपंचायतीत करतात आणि आईचं नाव सांगतात ते माहेरचं, कधीकधी तर घरातलं हाक मारायचं. इकडे सासरी लग्नात तांदळात नाव लिहून ते बदललेलं असतं. पुढे रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट सगळीकडे सासरचं नाव. म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यावर आई ‘शालन’ आणि पासपोर्टवर ‘शैलजा’. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला तांदळातलं नाव माहीत नाही. त्याच्यासाठी या दोन वेगळ्या बायका, आणि आईचं नातं सिद्ध करायचा मुख्य कागद म्हणजे मुलाचाच जन्मदाखला.

कागल तालुक्यातल्या एका घरात नेमकं हेच होतं. मुलगा न्यू जर्सीत, नागरिकत्व मिळालेलं, आईसाठी अर्ज करायची घाई. मी म्हटलं, भुदरगडातल्या माहेरच्या गावी जी नोंद आहे तीच दुरुस्त करून घेऊ. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात कलम 15 आहे. मूळ नोंद खोडायची नाही, समासात दुरुस्तीचा शेरा मारायचा, निबंधकाने सही-तारीख टाकायची. त्याला वेळ लागतो. ग्रामसेवकाला गाठावं लागतं, आईचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा, प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मुलगा फोनवर म्हणाला, “काका, एवढं कशाला? एक जण पंधरा दिवसांत नवा दाखला देतोय.”

दिला त्याने. जन्म दुसऱ्याच गावचा दाखवला, आईचं नाव पासपोर्टप्रमाणे अगदी बरोबर. अर्ज गेला, आणि काही महिन्यांनी जादा पुरावा मागणारं पत्र आलं. दाखल्यावर जन्मतारीख 1980 च्या दशकातली आणि नोंदणीची तारीख अर्जाच्या थोडीच आधीची. हे त्यांच्या डोळ्यात येतंच, कारण जन्मानंतर इतक्या उशिरा झालेली नोंद ते एकटी मान्य करत नाहीत. जोडीला जुने पुरावे मागतात. आता जुने पुरावे काढावे तर सगळ्यांवर खरं गाव होतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव भुदरगडातलं, खुद्द मुलाच्या भारतीय पासपोर्टवरही तेच. एका जन्माचे दोन दाखले, दोन गावं. शेवटी डीएनए चाचणी करावी लागली. मुलाचा नमुना तिकडच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये, आईचा मुंबईला दूतावासाने ठरवलेल्या डॉक्टरांकडे. नातं सिद्ध झालं, कारण ते खरंच होतं. पण दुसऱ्या दाखल्याबद्दल वकिलामार्फत लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्या सगळ्या काळात त्या माउलीला शेजारीपाजारी विचारत राहिले, “काय वो, तुमचं अमेरिकेचं फिसकटलं म्हणं?” नातं खरं असून खोट्या कागदामुळे तिच्यावर संशय आला, याचा मला आजही राग येतो.

माझी पद्धत अशी. अर्ज भरायच्या आधी जमिनीवर चादर अंथरून घरातले सगळे कागद मांडायचे आणि एका वहीत प्रत्येक कागदावरचं नाव जसं आहे तसं, वेलांटीसकट उतरवायचं. जे जुळत नाही ते आधी मूळ दप्तरात दुरुस्त करायचं. दुरुस्त होणारच नसेल तर तसंच पाठवायचं, सोबत माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं असल्याचं तिच्या भावाचं किंवा मावशीचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात ‘मी तिला लहानपणापासून ओळखतो’ एवढंच नको. त्याचं जन्मसाल, नातं, लग्नाला हजर होता का, लग्न कुठे झालं, हे सगळं हवं. राजपत्रात नावबदल छापून घेतला की झालं, असं एजंट सांगतात. राजपत्र उपयोगी पडतं, पण ते आजचं. 40 वर्षांपूर्वीचा पुरावा ते होत नाही.

वडिलांसाठी अर्ज असेल तर आईवडिलांचा विवाहदाखलाही लागतो. 1970 च्या दशकात अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन, अक्षता पडून लग्न झालं, नोंदणी कुणी केली? ती आता महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करता येते. लग्नपत्रिका सापडली तर सोनंच. फक्त लग्नाची तारीख खरी सांगा. ‘अंदाजे’ तारीख एका कागदावर मे आणि दुसऱ्यावर डिसेंबर, असं मी पुष्कळदा बघतो.

आईवडिलांचे स्वतःचे जन्मदाखलेही पुढे नॅशनल व्हिसा सेंटरच्या टप्प्यावर, म्हणजे अर्ज मंजूर झाल्यावर व्हिसासाठी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन कार्यालयाकडे, द्यावे लागतात. इथे आपला 1 जून आडवा येतो. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख पासपोर्टवर गेलेली असते. मग कुणीतरी गावच्या जुन्या नोंदवहीत, गाव नमुना 14 मध्ये, खरी नोंद शोधून काढतो आणि ती निघते नोव्हेंबरची. करवीर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या नोंदी बऱ्याचदा मोडीत सापडतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरं उघडली गेली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या आजोबांची नोंद शाबूत आहे. नोंद सापडली तर ती लपवू नका, आणि पासपोर्टशी जुळावी म्हणून नवीही बनवू नका. कुठली तारीख पुढे न्यायची हे वकिलाशी बोलून अर्जाआधीच ठरवा. नोंद सापडलीच नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा निबंधकाचा दाखला घ्या आणि शाळेचा दाखला जोडा. हा रस्ता सरळ आहे, तरी लोकांना त्यात कमीपणा वाटतो.

मधेच लग्न लावलं

भावासाठी थेट अर्ज केला तर रांग फार लांब, म्हणून पुष्कळ घरं असं करतात: आधी आईवडिलांना ग्रीन कार्ड, मग आईने किंवा वडिलांनी इथल्या अविवाहित मुलासाठी अर्ज करायचा. 21 वर्षांवरच्या अविवाहित मुलांचा हा गट एफ-2बी. रांग इथेही आहेच, वर्षांचीच, पण भावंडांच्या रांगेपेक्षा बरीच आखूड. बेत चांगला आहे. फक्त ‘अविवाहित’ हा शब्द कुणी वाचत नाही.

ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांना विवाहित मुलासाठी अर्जच करता येत नाही. ते नागरिक होण्याआधी मुलाने लग्न केलं की अर्ज आपोआप रद्द. नंतर घटस्फोट घेतला तरी तो जिवंत होत नाही. आईवडील नागरिक झाल्यावर लग्न झालं तर अर्ज विवाहित मुलांच्या गटात, एफ-3 मध्ये जातो आणि रांगेतली जुनी तारीख राहते. फरक एवढाच, पण त्यावर सगळं अवलंबून.

राजारामपुरीतल्या एका मुलाची गोष्ट. वडिलांनी अर्ज केला, मुलगा तिशीला टेकला, चांगलं स्थळ आलं. मुलीकडचे थांबेनात. नात्यातल्या कुणीतरी शक्कल काढली: “देवळात लग्न लावू, नोंदणी व्हिसा आल्यावर करू. कागदावर तो अविवाहितच.” हे ऐकल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. हिंदू विवाह कायद्यात कलम 7 आहे. रीतीप्रमाणे विधी झाले, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं, की लग्न झालं. नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. नोंदणी नाही म्हणून तुम्ही अविवाहित ठरत नाही, आणि मुलाखतीत शपथेवर ‘अविवाहित’ म्हणालात तर ते खोटं बोलणं. वर लग्नाचे फोटो फेसबुकवर, पाहुण्यांच्या स्टेटसला, हॉलच्या पानावर. ऐकलं नाही. अर्ज गेला तो गेलाच, आणि ही गोष्ट लपवून व्हिसा काढायचा विचार मुलाने स्वतःच सोडून दिला, हे त्याच्या शहाणपणाचं. आज तो इथेच आहे, संसार सुखाचा आहे, पण वडिलांना ती रुखरुख आहे.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: अमेरिकेतल्या मुलाने नागरिकत्वाची शपथ घेतली की भावाबहिणीचा एफ-4 अर्जही लगेच टाकून ठेवा. दोन अर्ज एकाच वेळी चालतात. एफ-4 मध्ये लग्न झालं तरी अर्ज टिकतो, उलट नवराबायको आणि 21 खालची अविवाहित मुलं सोबत जातात.

रांगेचा हिशेब न करणं

एफ-4 ला वर्षाला सगळ्या जगासाठी 65,000 व्हिसा, त्यात बायकामुलं धरून, आणि दर देशाला मर्यादा. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे अमेरिकेचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला सांगतं; 2025 मध्ये त्यात भारताची तारीख 2006 मध्येच होती. “पाच-सहा वर्षांत होतंय,” असं सांगणाऱ्याकडून पैसे परत घ्या.

एवढ्या काळात मुलं मोठी होतात. अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला, तितका पाळी आल्यावर मुलाच्या वयातून वजा होतो. तरीही वय 21 च्या वर राहिलं तर ते मूल मागे राहतं. हे आईबापांनी आधी जाणून घ्यावं. आणि पत्ता, ईमेल बदलला तर कळवत राहा. जुन्या अर्जांवर भाड्याच्या घरांचे पत्ते आहेत, घरं पडून तिथे अपार्टमेंट उभी राहिलीत. पाळी आल्याचं कळवूनही वर्षभर प्रतिसाद नाही मिळाला तर अर्ज बंद होऊ शकतो. 2006 पासून थांबलेल्या माणसाने ईमेलचा पासवर्ड विसरावा, हे बघून जीव तुटतो.

टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात ‘नाही’

डीएस-160 या टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? भावाने आय-130 टाकलेला असताना फॉर्म भरून देणारे ‘नाही’ टिकमार्क करतात, ‘हो’ लिहिलं तर व्हिसा मिळत नाही म्हणून. ‘हो’ लिहिल्यावर व्हिसा कठीण होतो, हे खरं. पण जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर बंदी कायमची. माफीच्या अर्जासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जोडीदार नाहीतर आईबाप लागतात. भाऊ चालत नाही. फॉर्म दुसऱ्याने भरला ही सबब ऐकत नाहीत. सबमिट करण्याआधी स्वतः वाचा, इंग्रजी येत नसेल तर घरातल्या कुणाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

तसंच, राहायचंच ठरवून आईला टुरिस्ट म्हणून नेणं आणि उतरल्याबरोबर ग्रीन कार्डचा अर्ज करणं. विमानतळावर ‘फिरायला आले’ सांगितलेलं असतं. करू नका.

उत्पन्न

आय-864 म्हणजे येणाऱ्यांचा खर्च सांभाळण्याची हमी. त्यावर सही करणाऱ्याचं उत्पन्न अमेरिकेच्या गरिबी रेषेच्या 125 टक्के हवं. मोजताना घरची माणसं कमी धरतात. नवरा, बायको, दोन मुलं आणि येणारे आईवडील म्हणजे सहा. 2025 च्या तक्त्याने सुमारे 53,900 डॉलर. कमी पडलं तर तिकडचा जोड-स्पॉन्सर, म्हणजे तीच हमी देणारा दुसरा माणूस, घ्या. इथला सातबारा आणि उसाची बिलं जोडून काम भागत नाही.

कार्ड मिळालं आणि परत शेतावर

आईवडिलांना हे कुणी सांगतच नाही. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडे कायम राहण्याचा परवाना. ऊस तुटेपर्यंत इथे, मग चार दिवस नातवंडांकडे, असं केलं की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर आत जाता येत नाही. जास्त काळ येणार असाल तर अमेरिकेतून निघण्याआधी तिथेच री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे परत आत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं. कार्ड आल्यापासून इथलं व्याज, भाडं, सगळं अमेरिकेच्या कर विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि इथल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल. तिकडे राहायला गेल्यावर इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते. आणि 65 वर्षांच्या आईला मेडिकेअर लगेच मिळत नाही. तिथे काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावर, तेही हप्ता भरून. तोवर खासगी विमा, आणि तो स्वस्त नाही.

ज्यांचं मन गावातून निघणारच नाही, त्यांच्यासाठी मुलांनी अर्ज टाकू नये. त्यांनी टुरिस्ट व्हिसावर जावं, नातवंडं बघावीत आणि दिलेल्या मुदतीत परत यावं. असे कितीतरी आजीआजोबा वर्षानुवर्षं जाऊन येऊन आहेत.