पीएचपीला मायएस्क्यूएल सापडत नसेल, तेव्हा काय करावे?

इंदूरमधील एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची मी सांभाळतो; ती पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली असून तिच्या नोंदी मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये असतात. नव्या सर्व्हरवर ती हलवताच पुस्तकांच्या यादीऐवजी ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएस्क्यूएलआय_कनेक्ट’ हा संदेश आला आणि सहकारी लगेच पासवर्ड तपासू लागले. पासवर्ड चुकला असता, तर ‘ॲक्सेस डिनाइड’ असे दिसले असते. फंक्शनच ओळखीचे नसल्याची तक्रार येते, तेव्हा पीएचपी डेटाबेसपर्यंत गेलेलेच नसते; त्याला लागणारे एक्स्टेन्शन, म्हणजे पीएचपीला जोडायचा पूरक भाग, चालू नसते.

प्रथम संदेशातील नाव अक्षरशः वाचावे. शेवटी ‘आय’ नसलेले मायएस्क्यूएल_कनेक्ट असेल, तर काहीही इन्स्टॉल करून उपयोग नाही, कारण ते जुने एक्स्टेन्शन २०१५ साली आलेल्या पीएचपी ७.० मधून काढून टाकले आहे. तेथे कोडच मायएस्क्यूएलआय किंवा पीडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या एक्स्टेन्शनवर न्यावा लागतो. ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ हा संदेश पीडीओचा असतो; त्याला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर मिळालेला नसतो.

त्यानंतर एका लहान फाइलीत पीएचपीची सेटिंग्ज दाखवणारे पीएचपीइन्फो हे फंक्शन लिहून ती ब्राउझरमध्येच उघडावी. टर्मिनलवरच्या उत्तरावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन: उबुंटू या लिनक्स प्रणालीवर टर्मिनलच्या आणि अपाचे या वेब सर्व्हरच्या पीएचपीच्या पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइली वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एकीकडे एक्स्टेन्शन दिसते आणि दुसरीकडे नसते. उघडलेल्या पानावर पीएचपीची आवृत्ती, ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’पुढचा पत्ता आणि मायएस्क्यूएलआयचा विभाग आहे की नाही, हे पाहावे.

विभाग नसल्यास उबुंटूवर पीएचपी-मायएस्क्यूएल हे पॅकेज इन्स्टॉल करावे. त्यात मायएस्क्यूएलआय आणि पीडीओचा ड्रायव्हर दोन्ही येतात. एकाहून अधिक आवृत्त्या असतील, तर पानावर दिसलेल्या आवृत्तीचेच पॅकेज घ्यावे. विंडोजवर बहुधा एक्स्टेन्शनची फाइल आधीच असते, पीएचपी.आयएनआयमधील त्याच्या ओळीआधीचा अर्धविराम काढावा आणि ‘एक्स्टेन्शन_डिर’चा पत्ता खऱ्या फोल्डरशी जुळतो का, ते पाहावे.

आता अपाचे पुन्हा सुरू करावे. पीएचपी-एफपीएम, म्हणजे वेब सर्व्हरपासून वेगळी चालणारी पीएचपीची सेवा, वापरात असेल, तर ती सेवा पुन्हा सुरू करावी, कारण तेथे केवळ वेब सर्व्हर पुन्हा सुरू करून बदल लागू होत नाही. विभाग दिसू लागला की जोडणी तपासावी आणि पीएचपीइन्फोची फाइल त्याच क्षणी पुसावी, कारण सर्व्हरची अंतर्गत माहिती तिच्यातून कोणालाही वाचता येते.