यीस्ट स्टार्टर उकळताना उतू जातो? या चुका टाळा

वीस लिटर वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा गोड रस, जो आंबवून बिअर होते) चुलीवर असला की माणूस पातेल्याजवळून हलत नाही. लिटरभराचा यीस्ट स्टार्टर (यीस्ट आधी वाढवून घ्यायचा छोटा वर्ट) मात्र ‘एवढासा तर आहे’ म्हणत गॅसवर चढवला जातो, तेवढ्यात फोन वाजतो, आणि मग अर्धा तास ओटा घासण्यात जातो. घरी बिअर करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात हा प्रकार इतका नेहमीचा आहे की बरेच जण तो अटळच धरून चालतात. तो अटळ नाही. बहुतेक वेळा दोष भांड्याच्या निवडीत असतो आणि उरलेला पहिल्या चार-पाच मिनिटांत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा लेख अमेरिका, ब्रिटन अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, जिथे घरच्यापुरती बिअर करायला कायद्याने मुभा आहे. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने ती मिळाली: एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हे करून पाहू नये.

स्टार्टर लागतो कशाला? द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात कारखान्यातून निघताना साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि दिवसागणिक त्या मरत जातात. १.०४८ घनतेच्या (पाणी १ धरून, आंबण्याआधीच्या वर्टची घनता) १९ लिटर एलला, म्हणजे साध्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरला, सुमारे १७० अब्ज पेशी हव्यात, थंडीत आंबणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट. म्हणून आधी छोट्या वर्टमध्ये यीस्ट वाढवून घ्यायचं. प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम सुकी माल्ट पावडर आणि उकळून झाल्यावर एकूण एक लिटर भरेल इतकं पाणी. घनता १.०३७ च्या आसपास येते. कोरडं यीस्ट वापरत असाल तर या भानगडीत पडूच नका, त्याला स्टार्टर लागत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: थेट फ्लास्कमध्ये उकळणं

शंकूच्या आकाराचा एर्लेनमायर फ्लास्क प्रयोगशाळेत शोभतो, गॅसवर नाही. दोन लिटरच्या फ्लास्कचा तळ साधारण १६ सेंटिमीटर रुंद असतो आणि तोंड जेमतेम ५. म्हणजे तळाच्या क्षेत्रफळाच्या मानाने तोंड दहावा भाग. खाली बोटभर जाडीचा फेस तयार झाला तरी वर चढताना त्याला जागा कमी कमी मिळत जाते, त्यामुळे तो जितका वर येतो तितका वेगाने येतो. खांद्यापर्यंत पोचलेला फेस मानेतून बाहेर पडायला दोन सेकंदही घेत नाही. तोपर्यंत तुमचा हात गॅसच्या बटणापर्यंत गेलेला नसतो. पातेल्यात फेस पसरतो, चमच्याने मोडता येतो, वरून गार पाण्याचा फवारा मारता येतो. फ्लास्कमध्ये यातलं काहीच जमत नाही.

‘पण फ्लास्कमध्ये उकळलं की तो आपोआप निर्जंतुक होतो ना?’ होतो. पण तेवढ्यासाठी हा धोका पत्करायचं कारण नाही. तीन लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या, लिटरभर वर्ट त्यात दहा ते पंधरा मिनिटं उकळा, शेवटी काही मिनिटं झाकण ठेवून तेही वाफेने तापू द्या, आणि झाकणासकट सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा. फ्लास्क आणि नरसाळं स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढा (लिटरला दीड मिलिलिटर), आणि वर्ट २० ते २४ अंशांवर आला की फ्लास्कमध्ये ओता. स्टील काचेपेक्षा लवकर निवतं, आणि तापलेली काच गार पाण्यात बुडवून तडकवण्याचा प्रश्नच उरत नाही.

फ्लास्कमध्येच उकळायचं असेल तर तो बोरोसिलिकेट काचेचा आहे ना, याची खात्री करा. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जवळजवळ एकतृतीयांशच प्रसरण पावते. तरी ओरखडा पडलेला फ्लास्क कधीच चुलीवर ठेवू नका, आणि विजेच्या कॉइलवर तर कुठलाच नको. कॉइल जिथे टेकते तिथेच काच जास्त तापते. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये लिटरभराच्या वर वर्ट घालू नका.

पहिली उकळी येताना पाठ फिरवणं

सगळा धोका उकळीच्या तोंडाशी असतो. माल्टमधली प्रथिनं तापली की उलगडतात आणि बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात, म्हणून बुडबुडे फुटत नाहीत, फेसाचा थर चढत जातो. उकळी काही मिनिटं नीट चालली की तीच प्रथिनं गोठून एकमेकांना चिकटतात, वर्टमध्ये पांढुरके तुकडे तरंगताना दिसतात आणि फेस खाली बसतो. याला हॉट ब्रेक म्हणतात. तो होऊन गेला की मध्यम आचेवर वर्ट निवांत उकळतो, सहसा पुन्हा चढत नाही.

फेस उतू जायच्या आधीची लक्षणं नीट पाहा. कडेकडेने बारीक बुडबुडे धरतात. मग पृष्ठभाग पिवळसर, दाट फेसाने झाकला जातो आणि मधला वर्ट दिसेनासा होतो. फेस चकाकायला लागला आणि मधून फुगला की समजा वेळ झाली. याच क्षणी आच एकदम खाली आणायची, भांडं उचलायचं, किंवा फवारा मारायचा. विजेच्या शेगडीवर नुसतं बटण फिरवून भागत नाही, कॉइल गरमच राहते; भांडं बाजूलाच करावं लागतं. म्हणून बाजूचा बर्नर मोकळा ठेवा आणि कोरडी, जाड पकड हाताशी असू द्या. ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो.

उकळी येईपर्यंत तोंडावर फॉइल किंवा झाकण घट्ट बसवणं हीसुद्धा नेहमीची चूक. वाफ कोंडते, फेस गार हवेला भेटत नाही आणि वर्ट सगळं झाकण उचलून बाहेर येतो. फॉइल गॅस बंद करायच्या वेळीच लावा.

उकळत्या पाण्यात पावडर टाकणं

माल्ट पावडर वाफ लागताच चिकट होते, पिशवीच्या तोंडाशीच तिचा गोळा बनतो. उकळत्या पाण्यात पडली की दुहेरी त्रास: एका झटक्यात फेस उसळतो, आणि न विरघळलेल्या गुठळ्या तळाला बसून करपतात. पावडर गार पाण्यात घालून ढवळा, पूर्ण विरघळू द्या, मगच गॅस लावा.

शांत दिसणाऱ्या वर्टला हलवणं

हे फ्लास्कवाल्यांसाठी, आणि यात हात भाजतात. गुळगुळीत काचेत बुडबुडा धरायला खाचखळगा नसतो, त्यामुळे वर्ट उत्कलनबिंदूच्या वर तापूनही गप्प राहतो. अशा वेळी फ्लास्क गोल फिरवला किंवा वरून चुंबकाचा स्टर बार (ढवळण्याची छोटी कांडी) टाकला की सगळी कोंडलेली उकळी एकदम फुटते आणि मानेतून सरळ हातावर येते. स्टर बार गार वर्टमध्ये आधीच टाकून ठेवा. त्याच्याभोवती बुडबुडे धरतात. मायक्रोवेव्हमध्ये वर्ट उकळू नका, तिथे हा धोका आणखी वाढतो.

फेस मारणारे थेंब

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस कढईत वर चढायला लागला की त्यात थोडं तेल सोडतात आणि फेस खाली बसतो. फर्मकॅप-एससारखी सिलिकॉनची द्रावणं याच तत्त्वावर चालतात: बुडबुड्याची पातळ त्वचा जागोजागी तुटते. लिटरभर स्टार्टरला एक-दोन थेंब पुरे. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी हलवा. हे सिलिकॉन यीस्ट आणि गाळाबरोबर बरंचसं खाली बसतं. घरातलं खायचं तेल मात्र घालू नका; ते बिअरच्या ग्लासातला फेसही मारतं. थेंब घातले म्हणून चुलीपासून लांब जायची मुभा मिळत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कुकरचा रस्ता

आपल्याकडचा प्रेशर कुकर इथे खरंच कामाचा आहे. काचेची, कॅनिंगसाठीची बरणी दोनतृतीयांशच भरा, तोंडावर फॉइल सैल ठेवा, कुकरच्या तळाला जाळी आणि दोन इंच पाणी. पूर्ण दाबावर पंधरा मिनिटं. मग गॅस बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलली तर दाब झटकन पडतो, बरणीतला शंभर अंशांच्याही वर तापलेला वर्ट उसळतो आणि अर्धा कुकरात सांडतो. असा वर्ट त्याच दिवशी वापरा. वर्ट पुरेसा आंबट नसतो, त्यामुळे बाहेर साठवला तर बोटुलिझमचा (जीवघेण्या विषबाधेचा) धोका असतो. साठवणीसाठी तपासलेला कॅनर (बरण्या दाबाखाली तापवायचा खास कुकर) आणि त्याची पद्धतच हवी.

सांडलंच तर

गॅसची ज्योत विझली असेल तर आधी बटण बंद करा, खिडकी उघडा, बाकीचं नंतर. काचेची सपाट शेगडी असेल तर साखरेचा पाक गरम असतानाच, हात सांभाळून, खरवडणीने काढा. तो गार होऊन घट्ट चिकटला तर काढताना काचेचे टवके निघतात.

भांड्यात उरलेल्या वर्टमध्ये पाणी घालून लिटर पुरा करायचा मोह होतो. करू नका. फेसाबरोबर पाणी आणि साखर दोन्ही गेलेली असतात, घनता जवळपास तीच राहते. पाणी घातलं तर वर्ट उगाच पातळ होतो. स्टार्टर जरा लहान झाला, एवढंच. करपल्याचा वास येत असेल तर मात्र तो टाकून द्या. १०० ग्रॅम पावडरपेक्षा यीस्टचं पाकीट महाग असतं.

एवढं सगळं सांभाळूनही यीस्ट घातल्यावर दुसऱ्या दिवशी स्टर प्लेटवर (स्टर बार फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) फेस चढून फॉइल भिजू शकतं, गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये विशेषतः. प्लेटचा वेग कमी करा, वर एकतृतीयांश जागा मोकळी राहील असाच फ्लास्क निवडा. भिजलेलं फॉइल बदला आणि फ्लास्कची मान बाहेरून स्टार सॅनने पुसून घ्या, कारण तिथून ओतताना तोच चिकट थर यीस्टबरोबर बिअरमध्ये जातो.