हेटायचे पत्ते: जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचा वारसा जपताना

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये राहते. हेटाय ही इथली जुनी कृष्णवर्णीय वस्ती. तिथल्या घरांतले फोटो, पत्रं, चर्चच्या पत्रिका स्कॅन करायच्या आणि थोरामोठ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, हे काम मी स्वयंसेवक म्हणून करते. अटलांटा, ह्यूस्टन, रिचमंड अशा शहरांत राहणारे मराठी लोक मला विचारतात, की आमच्या शेजारीही अशी वस्ती आहे, काही करावंसं वाटतं, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: पत्त्यांपासून.

कारण हेटायमधून हिरावून घेतले गेले ते पत्तेच. १८६५ साली यादवी युद्ध संपलं. गुलामीतून सुटलेली माणसं तंबाखूच्या कारखान्यांत कामाला आली आणि शहराच्या दक्षिणेला वसली. १८६६ मध्ये व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्च सुरू झालं, १८६९ मध्ये सेंट जोसेफ्स ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च. १९०१ मध्ये लिंकन हॉस्पिटल आलं. १९१० मध्ये जेम्स शेपर्ड यांनी जी संस्था काढली, ती आजची नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल युनिव्हर्सिटी. पेटिग्रू आणि फेएटव्हिल या रस्त्यांवर हॉटेलं, थिएटरं, केशकर्तनालयं, शिंप्यांची आणि औषधांची दुकानं होती. मग १९६२ मध्ये ‘अर्बन रिन्यूअल’साठी, म्हणजे जुन्या वस्त्या पाडून नव्यानं बांधायच्या योजनेसाठी, कर्जरोखे काढायला शहरानं मतदानातून मंजुरी दिली. नवी घरं आणि नवी दुकानं मिळतील, या भरवशावर अनेक कृष्णवर्णीय मतदारांनीही बाजूनं मत दिलं. घरं पडली, वस्तीच्या मधून डरहॅम फ्रीवे गेला. सुमारे ४,००० कुटुंबं आणि ५०० व्यवसाय उठले, असा आकडा इथे सांगितला जातो. म्हणून “इथे एकेकाळी भरभराट होती” एवढं वाक्य मला पुरत नाही. कुठल्या नंबरच्या घरात कोण राहत होतं, ओसरीवर कोण बसायचं, समोर कुणाचं दुकान होतं, हे कळलं पाहिजे. हाती आलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक आठवण, प्रत्येक कागद एका पत्त्याला बांधा. बाकी सगळी कामं त्यातून निघतात.

आधी कागद

माणसांकडे जाण्याआधी आपला अभ्यास झालेला असावा. ऐंशी वर्षांच्या आजींना “तुमचा रस्ता कुठे होता?” असं विचारायची वेळ येऊ नये.

ग्रंथालयात जुन्या सिटी डिरेक्टऱ्या मिळतात. त्यांत रस्त्यानुसार घरनंबर, राहणाऱ्याचं नाव आणि बहुतेकदा त्याचा व्यवसाय असतो. दक्षिणेतल्या डिरेक्टऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे ‘सी’ (‘कलर्ड’चं आद्याक्षर) कंसात किंवा तारकेची खूण (*) छापलेली असे. ती खूण भेदभावाची आहे, आणि आज तिच्याच आधारानं अख्खा रस्ता पुन्हा मांडता येतो. सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात ऑनलाइन आहेत. त्यांत गुलाबी रंग म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळा म्हणजे लाकडी. जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात, म्हणजे १९५० पर्यंतचे आज पाहता येतात. व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेली ‘ग्रीन बुक’ ही कृष्णवर्णीय प्रवाशांसाठीची पुस्तिका न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं डिजिटल केली आहे. तिथे आपल्या शहराचं पान उघडलं, की हॉटेलं आणि खानावळी पत्त्यासकट सापडतात.

स्थानिक कृष्णवर्णीय वर्तमानपत्र शोधा, आणि ते मनापासून वाचा. आमच्याकडे लुई ऑस्टिन यांचं ‘कॅरोलायना टाइम्स’ होतं. त्याचे जुने अंक ‘डिजिटल एनसी’ या राज्यातल्या ऑनलाइन संग्रहात आहेत. कुणाची लेक नर्स झाली, कुठल्या चर्चमध्ये मासळीचं जेवण आहे, कुणी नवं दुकान उघडलं, हे सारं त्यात आहे. मोठ्या, गोऱ्या मालकीच्या वर्तमानपत्रात हीच वस्ती बहुधा गुन्ह्याच्या बातमीपुरती दिसे.

अर्बन रिन्यूअलच्या कचेऱ्यांचं दप्तर मात्र सोडू नका. डरहॅममध्ये पाडकामाआधी प्रत्येक घराचं मूल्यांकन झालं आणि त्यासाठी फोटो काढले गेले. ते काउंटी लायब्ररीत जपलेले आहेत. भाव ठरवायला काढलेले हे फोटो, पण त्यांत दोरीवरचे कपडे आहेत, दारातली मुलं आहेत, खिडकीतल्या कुंड्या आहेत. कित्येक कुटुंबांकडे आपल्या घराचा दुसरा फोटोच नाही. असा फोटो मोठ्या आकारात छापून हातात द्या. मुलाखतीची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मग माणसं

रेकॉर्डर घेऊन थेट दारात जाऊ नका. रविवारी चर्चला जा, मागच्या बाकावर बसा, नंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवायला थांबा, ताटाचे पैसे द्या आणि खुर्च्या उचलायला मदत करा. आपण बाहेरचे आहोत. या वस्तीनं याआधी बरेच सर्व्हे करणारे, फोटो काढणारे आणि घरं विकत मागणारे पाहिले आहेत. वस्तीत आधीपासून काम करणारी संस्था असेल, तर तिच्या हाताखाली काम करा. स्वतःची नवी काढू नका. थोरांना नुसत्या नावानं हाक मारू नका. स्त्रियांना ‘मिस’ आणि पुढे पहिलं नाव, पुरुषांना ‘मिस्टर’. चर्चमध्ये पद असेल तर ‘डीकन’, ‘रेव्हरंड’, ‘मदर’.

मुलाखत त्यांच्याच घरी घ्या. फ्रिजची घरघर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ माइकला ऐकू येतं, तेव्हा परवानगी घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. जपायला डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबलेली) फाइल ठेवा, एमपी३ फक्त ऐकण्यासाठी. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून घ्या. “वस्तीबद्दल सांगा” हा प्रश्न विचारू नका, त्याला भाषणासारखं उत्तर येतं. कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, “तुमच्या दारातून निघून मला शाळेपर्यंत घेऊन चला.” मग कोपऱ्यावरचं दुकान येतं, भुंकणारा कुत्रा येतो, उधारीची वही येते, पोरांना दटावणाऱ्या शेजारीण येतात. कागदावर नकाशा उमटत जातो आणि प्रत्येक चौकोनाला नाव मिळतं. पाडकामाचा विषय त्यांनी काढू द्या. त्या वेळी गप्प राहा. मौन भरून काढायची घाई करू नका.

संमतीपत्र साध्या भाषेत हवं: रेकॉर्डिंग कोण ऐकू शकतो, आत्ता की त्यांच्यानंतर, कुठला भाग कधीच नाही. मूळ वस्तू आणि तिच्यावरचा हक्क कुटुंबाचा, ग्रंथालयाला फक्त प्रत. हा माझा हट्ट आहे. वस्तीकडून घेतलं ते खूप झालं.

घरातल्या कागदांत आधी अंत्यविधीच्या पत्रिका मागा. कृष्णवर्णीय चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पत्रिका देतात: फोटो, जन्माचं ठिकाण, शाळा, नोकरी, चर्चमधलं काम, मागे राहिलेल्यांची नावं. बायबलमध्ये किंवा बुटांच्या खोक्यात त्यांचा गठ्ठाच असतो. एका गठ्ठ्यातून अख्ख्या रस्त्याची वंशावळ उभी राहते. चर्चमधले हाती पंखेही जपा; त्यांच्या मागे फ्युनरल होमची (अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाची) जाहिरात असते, आणि तिच्यात पत्ता.

स्कॅनिंग त्यांच्याच टेबलावर करा, मूळ फोटो घराबाहेर नेऊ नका. फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० ते ४००, टिफ फाइल. मागची बाजूही स्कॅन करा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पान आहे तसं स्कॅन करा. नाव लिहायचं तर मागे कडेला, मऊ पेन्सिलीनं. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, माळा आणि तळघर नको. आतल्या खोलीतलं कोरडं कपाट चांगलं. फाइलचं नाव रस्ता, घरनंबर, वर्ष, कुटुंब या क्रमानं द्या. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

इमारती, आणि त्यांत राहणारे

सेंट जोसेफ्सची १८९१ची विटांची इमारत आज हेटाय हेरिटेज सेंटर आहे. १९७५ मध्ये तिच्यासाठी न्यास उभा राहिला, १९७६ मध्ये ती नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्रीय यादीत, गेली. पण नॅशनल रजिस्टर हा मुख्यतः सन्मान आहे. खासगी मालकानं स्वतःच्या पैशानं इमारत पाडायची ठरवली, तर तो थांबवत नाही. उत्पन्न देणारी इमारत नियमानुसार दुरुस्त केली, तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, एवढा त्याचा पैशातला फायदा. खरा धाक स्थानिक नियमांचा. नॉर्थ कॅरोलायनात शहरानं ‘लँडमार्क’ ठरवलेल्या वास्तूचं पाडकाम ३६५ दिवसांपर्यंत लांबवता येतं आणि तिचा निम्मा मालमत्ता कर पुढे ढकलला जातो. तुमच्या राज्यात काय आहे, ते नगर नियोजन कचेरीत विचारा.

अर्ज करताना अनेकदा ऐकू येतं, की इमारत साधी आहे, खिडक्या बदलल्यात, बाहेर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्यात. अशा वेळी वास्तुकलेच्या निकषावर भांडू नका. तिथे काय घडलं आणि कोण राहिलं, हे निकष धरा. वकील आणि धर्मगुरू पॉली मरे जिथे वाढल्या, ते डरहॅमच्या वेस्ट एंडमधलं १८९८चं साधं लाकडी घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

आणि वारसा जपताना भाव वाढतात, हे आधीच ओळखा. ज्यांची गोष्ट आपण सांगतो, त्यांनाच कर परवडेनासा झाला, तर ती वारशाची पाटी मला नको. ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या घरमालकांना नॉर्थ कॅरोलायनात घराच्या मूल्यातले २५,००० डॉलर किंवा निम्मं, जे जास्त असेल ते, करातून वगळून मिळतं. अर्ज १ जूनपर्यंत करायचा असतो, आणि तो न केलेली कितीतरी घरं सापडतात. दुसरा धोका मृत्युपत्र नसलेल्या घरांचा. अशा घराची मालकी वारसांत विखुरते, मग एका दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन बिल्डर पूर्ण घर विक्रीला काढायची मागणी कोर्टात करू शकतो. चर्चच्या हॉलमध्ये करसवलतीचे अर्ज आणि मृत्युपत्रासाठी मोफत सल्ला देणारा वकील घेऊन बसा. मी याला वारसा जपण्याचंच काम मानते, स्कॅनिंगइतकंच.

दफनभूमीबद्दल थोडक्यात. डरहॅमची गीअर सिमेट्री १८७७ पासूनची कृष्णवर्णीयांची दफनभूमी, स्वयंसेवक तिची निगा राखतात. दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा. तारेचा ब्रश आणि ब्लीच वर्ज्य. युक्का आणि पेरिविंकल ही झाडं उपटू नका, शिंपले आणि अनघड दगड हलवू नका. अनेक थडग्यांची तीच खूण आहे.

साजरं करताना

१९ जूनचा जूनटीन्थ, म्हणजे गुलामीच्या अंताचा दिवस, २०२१ पासून केंद्रीय सुट्टी आहे, पण वस्तीचं कॅलेंडर त्याहून भरगच्च असतं: चर्चचा होमकमिंगचा (जुने सदस्य परत येण्याचा) रविवार, हिलसाइड हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, ब्लूजच्या रात्री. ब्लाइंड बॉय फुलर आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस इथल्या तंबाखूच्या गोदामांबाहेर कामगारांसाठी वाजवत. त्या परंपरेतल्या आजच्या वादकांना बोलवा आणि पूर्ण मानधन द्या. जेवण वस्तीतल्या स्वयंपाक्यांकडून घ्या. नुसतं दुःख मांडू नका. बँड, टोप्या, लग्नं, बेसबॉलचे संघ, सौंदर्यस्पर्धा यांचे फोटो पुढे ठेवा.

दर वेळी एक लांब टेबल मांडा. त्यावर रस्त्याचा मोठा नकाशा, ओळख न पटलेले फोटो, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली. लोक वाकून बघतात, वाद घालतात, फोन लावून बहिणीला विचारतात आणि चिठ्ठी चिकटवतात. टेबलाशी नोंद करायला वस्तीतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी बसवा, म्हणजे नावं आणि नाती त्यांच्या तोंडी बसतील. त्याच आठवड्यात नव्या चिठ्ठ्या फाइलींना जोडा, ज्यांनी नाव सांगितलं त्यांना फोटोची छापील प्रत नेऊन द्या, आणि जाताना विचारा, शेजारच्या नंबरला कोण राहत होतं?