मिश्र वर्गात वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी कार्यशाळा कशी घ्यावी

एकाच वर्गात कुणी गोष्ट सलग वाचते, कुणी वेलांटीपाशी थांबते, तर कुणाच्या घरी पुस्तकातली भाषा बोलतच नाहीत. अशा वर्गाच्या शिक्षकांना आधी एकच कौशल्य द्यायला हवे: मूल नेमके कुठे अडते ते ऐकून ओळखणे. हे येत नसेल तर बाकीची तंत्रे भलत्याच मुलावर वापरली जातात.

कार्यशाळेत 12 ते 15 शिक्षक पुरेत. सत्र तीन तासांचे ठेवा आणि पुढचे तीन आठवडे वर्गात सराव. येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायचे: एक सहज वाचणारे, एक अडखळणारे, एक घरची भाषा वेगळी असलेले. पालकांची परवानगी आधी घ्या. मुलाचे नाव कुठेही नको. उतारा 50 ते 60 शब्दांचा, मुलाने पूर्वी न पाहिलेला. वाचून झाल्यावर "काय झालं ते तुला येईल त्या भाषेत सांग" असे विचारून तेही ध्वनिमुद्रित करा. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग मुलाला काय कळले ते तपासायला काहीच उरत नाही.

पहिला तास फक्त ऐकण्याचा. छापील उताऱ्यावर खुणा करायच्या: गाळलेल्या शब्दावर काट, चुकीच्या शब्दावर मुलाने जे म्हटले ते, स्वतःहून सुधारले तर "सु". "सु" चुकीत धरू नका. ते मूल स्वतःच्या वाचनाकडे लक्ष देत आहे.

आता कारण शोधा. वाचनाचे संशोधक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडले की वाचनातले आकलन म्हणजे लिपी उलगडणे आणि भाषेची समज यांचा गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. म्हणून वर्गात परतल्यावर तशाच अवघड पातळीचा दुसरा उतारा त्या मुलाला वाचून दाखवा. ऐकून कळला तर अडचण लिपीची. ऐकूनही कळला नाही तर भाषेची. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

लिपीच्या चुकाही एकजात नसतात. "कविता"चे "किवता" झाले तर मुलाने डावीकडे काढलेली वेलांटी आधीच्या अक्षराला जोडली. "सूर्य"चे "सूयर" झाले तर रफार कधी उच्चारायचा ते कळलेले नाही. दोन्हीकडे खूण लिहिण्याची जागा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, त्यामुळे बाराखडी पुन्हा घोकून ही चूक जात नाही. अशा शब्दांवर बोट फिरवत, उच्चाराच्या क्रमाने वाचायचा रोज पाच मिनिटे सराव द्या. ध-घ, भ-म यांची गल्लत होत असेल तर जोडीने शिकवू नका. एक पक्के झाल्यावरच दुसरे घ्या. "क, म, ळ" असे सुटे वाचून थांबणाऱ्याला नवी अक्षरे नकोत, जोडून म्हणण्याचा सराव हवा.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. घरी "पानी" म्हणणारे मूल "पाणी" पाहून "पानी" वाचते आणि अर्थ बरोबर सांगते, तेव्हा त्याने शब्द ओळखलेला असतो. "चार" आणि "चाक" यांतल्या च चा फरक तर लिपीत दिसतच नाही. इथे दर वेळी टोकले की मूल मोठ्याने वाचणेच सोडते. उच्चार गप्पांतून, गाण्यांतून वेगळा ऐकवा.

दुसऱ्या तासात सुलभकाने, म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्याने, दहा मिनिटांचा पाठ करून दाखवावा, मग तिघांचे गट: एक शिक्षक, एक मूल, एक निरीक्षक. मूल झालेले शिक्षक हमखास नीट वाचतात, म्हणून त्यांना चिठ्ठी द्या: "वेलांटी आधीच्या अक्षराला लाव." निरीक्षकाने पाठानंतर एकच गोष्ट सांगायची, पाच सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. भूमिका बदलत तिघांनी पाठ घ्यावा.

शेवटचा तास वर्गाच्या आखणीचा. गट अडचणीनुसार करा आणि रोज 20 मिनिटेच ठेवा. उरलेल्या वेळात सगळ्यांना एकत्र चांगले साहित्य वाचून दाखवा. मागे असलेल्यांना फक्त अक्षरे आणि पुढच्यांना गोष्टी, ही विभागणी सर्वांत घातक: ज्यांना शब्दांची जास्त गरज, त्यांनाच ते मिळत नाहीत. भाषेचा अडसर असेल तर उताऱ्यापूर्वी चार-पाच शब्द वस्तू किंवा कृतीतून द्या, आणि चर्चा आधी घरच्या भाषेत होऊ द्या.

नंतरची वर्गभेट 20 मिनिटांची असावी. काय पाहायचे ते शिक्षकाने ठरवावे. गुण देणारा तक्ता भरायला घेतला की ठेवणीतला पाठ दिसतो.

तीन आठवड्यांनी त्याच मुलांचे नव्या, तितक्याच अवघड उताऱ्याचे वाचन आणून खुणा शेजारी ठेवा आणि गट बदला. चुकीचा प्रकार तसाच राहिला असेल तर मुलाची नजर आणि ऐकणे तपासले आहे का ते विचारा; ते ठीक असेल तर सराव वाढवण्याऐवजी बदला.